भुसावळात जहाजाचं दार

गोदी वसाहत, खोली नं. ४७
३ ऑगस्ट २०२५

उस्ताद गनी चाचांना दीपकचा सलाम.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं "हां हां" म्हणता आणि ठेवल्यावर तहरीमआपाला विचारता की कोण होतं. रेल्वेत बॉयलरवर हातोडे हाणून गेलेले कान, त्यांना मोबाईल काय करणार. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. अक्षर वाईट आहे ते माहीत आहे. नववीत दोनदा बसून सुधारलं नाही, आता कुठून सुधारणार.

आधी बरी बातमी. माझं इथं एकदम पक्कं आहे. साहेबलोक नावानं हाक मारतात. आमच्या आबांना एवढं तुम्हीच सांगा, मी लिहिलं की त्यांना वाटतं पोरगं फेकतंय. सुरत, पुणे, पिथमपूर, सिल्वासा धरून सहा नोकऱ्या सोडून पळालो हे खरं. आबांनी निघताना सांगितलंय, सातवी सोडून आलास तर गोठ्यात म्हशीशेजारी खाट टाकीन. आणि म्हैस मारकी आहे. तर सांगा त्यांना, दीपक टिकला.

आता मुद्दा. गोदीत मोठी उलथापालथ चाललीय. या किनाऱ्यावरच्या तीन गोद्या मिळून एकच कंपनी होणार. दिल्लीहून समिती आलीय. तिच्या मोठ्या बाई म्हणजे सुलक्षणा मॅडम, आपल्या मराठीच आहेत, बुटक्या, पायात आमच्यासारखेच लोखंडी टोकाचे बूट. त्यांनी आम्हा सगळ्या वेल्डरांना कॅन्टीनमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणे देशाचा माल परक्यांच्या जहाजांत जातो आणि भाडंही परक्यांच्या खिशात जातं. जहाजं आपली झाली तर पत्रावाल्यापासून रंगवाल्यापर्यंत हजारो घरांत चूल पेटेल. पण आपल्या गोदीला एका जहाजाला पाच वर्षं लागतात, कारण शिडी इथंच, दार इथंच, चहाचे कप ठेवायची फळीसुद्धा इथंच करायचा हट्ट. मला पटकन समजलं. लग्नघरच्या माणसानंच मंडप शिवायचा, त्यानंच बुंदी पाडायची आणि घोड्याला खराराही त्यानंच करायचा म्हटल्यावर नवरी म्हातारी होईल नाहीतर काय? मॅडमचं म्हणणं, आतल्या गावांतले छोटे कारखाने शोधू, दारं, शिड्या, कठडे त्यांना देऊ, गोदीनं फक्त जोडायचं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या भागात पाणबंद काम करणारं कुणी आहे का. माझ्या शेजारच्या खाटेवर भटू असतो, धुळ्याचा, त्यानं मला कोपर मारलं आणि मी उठलो. आता उठलोच होतो तर बोललो. म्हटलं, भुसावळला आमच्या उस्तादांचा कारखाना आहे, चाळीस वर्षं पाण्याचे टँकर बांधताहेत, एक थेंब कधी गळला नाही. मॅडमनी वही काढली. कामगार किती? मी म्हटलं, बावीस. बावीस का ते मलाही माहीत नाही, तोंडातून आले. शेड किती? दोन. (एक तुमची, एक बकरीची.) ऑफिस? आहे. (तुमची खाट.) भटू खाली बसून पुटपुटत होता, "भो, हाई बठ्ठं खोटं शे," म्हणजे सगळंच खोटं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

तर उस्ताद, नमुन्याचं एक दार करायचंय. आठ एमएमचा पत्रा, सहा कड्या, कडेनं रबरी पट्टी. नकाशा सोबत जोडलाय. दार झालं की मॅडम स्वतः भुसावळला येऊन तपासणार. बावीसचं तेवढं काहीतरी बघा.

तुमचा
दीपक

---

भुसावळ
१४ ऑगस्ट

दीप्या,

नालायका. चिठ्ठी मिळाली.

मला वेळ नाही. पाच टँकर रांगेत उभे आहेत, तीन पोरं कामाला असून पुरत नाही. बावीस म्हणे. अरे माझ्या निकाहाला बावीस माणसं नव्हती.

तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? आधी लोखंड घास, गंज काढ, मग जोड मार. तू गंजावरच जोड मारतोस. असा जोड वरून चकाकतो आणि आतून सुटतो.

आबा बाजारात भेटले. तू टिकलास म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "किती तारखेपर्यंत?"

नकाशा बघितला. काम मी करणार नाही, पण बघितला. काढणाऱ्याला काही येत नाही. पट्टी किती जाडीची ते लिहिलेलं नाही. आणि पाण्याचा बाण बाहेरून आत दाखवलाय, तो कसा काय? कळव. करणार नाहीये मी, नुसतं विचारतोय.

गनी मिस्त्री

(याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

दीपक, पाकीट पोस्टात टाकायला अब्बांनी माझ्याकडे दिलं. मी वाफेवर उघडून हे आत सरकवतेय.

तीन पोरं नाहीत आणि पाच टँकरही नाहीत. होळीपासून शेड बंद आहे. गावोगाव नळ आले, अंगणाअंगणात प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, टँकर कोण बांधून घेतो? शेड केळीवाल्या प्रेमराजभाऊंना भाड्यानं दिलीय, तिथं केळी पिकायला ठेवतात. अब्बा रोज सकाळी डबा घेऊन निघतात, शेडबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि संध्याकाळी कामावरून आल्यासारखे हातपाय धुतात. आम्हीही टॉवेल पुढे करतो.

तुझा नकाशा आल्यापासून मात्र खुर्ची सावलीत गेलीय आणि नकाशा मांडीवर आलाय. परवा जेवताना त्यांनी ताटात भाकरीची भिंत उभी केली आणि एका बाजूला डाळ ओतून कुठून पाझरते ते बघत बसले. अम्मी म्हणाली, वेड लागलं. मला वाटतं, खूप दिवसांनी उतरलं.

मी तुला काही सांगितलेलं नाही.
तहरीम

---

गोदी वसाहत
२४ ऑगस्ट

उस्ताद,

पाच टँकर रांगेत म्हणजे तुमचा धंदा जोरात आहे, वाचून बरं वाटलं. एवढ्या गर्दीत माझं एक दार कुठंतरी कोपऱ्यात करा. त्या तीन पोरांपैकी एकाला लावा त्याच्यावर.

पट्टी बारा एमएमची. बाण-बिण सोडा, ते नकाशावाले काढतात काहीतरी. पाण्याचं तुम्हाला कुणी शिकवायचं? पाणी तुम्हीच जास्त जाणता.

बाकी इथं मजेत. मॅडम दिसल्या की हात करतात.

दीपक

---

(तहरीमला, ती शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर)

२४ ऑगस्ट

तहरीमआपा,

तुम्ही खरं सांगितलंत, आता मीही सांगतो. उस्तादांच्या कानावर जायला नको. (जाणार तरी कसं म्हणा.)

मॅडम हात करतात ते खोटं. माझं पक्कं आहे तेही खोटं. तीन गोद्यांची एक झाली की कंत्राटी वेल्डर चारशेचे दोनशेवीस उरणार. हे पडद्यावरच्या चित्रांत नव्हतं, हे कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर चिकटवलं. जाणाऱ्यांच्या यादीत मी एकतिसावा, भटू बत्तिसावा. गेटपास तीस नोव्हेंबरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या गाडीजवळ उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुझं दार पास झालं तर तू राहशील. नाही झालं तर यादी आहे तशी आहे." बास एवढंच. गाडीची काच वर.

सहा नोकऱ्या मी सोडल्या, आपा. कंटाळा आला की पिशवी उचलायची आणि स्टेशन गाठायचं. ही पहिलीच, जी मला सोडायची नाही. माणूस तीन वर्षं एका जहाजाच्या पोटात पाठीवर पडून वेल्ड मारतो तेव्हा त्याला ते जहाज तरंगतं का बुडतं ते बघावंसं वाटतं. एवढंच कारण आहे. आणि म्हैस.

उस्तादांना दार करू द्या. काय वाटेल ते करा, पण करू द्या.

दीपक

---

भुसावळ
२८ ऑक्टोबर

दीप्या,

दार झालं. करणार नव्हतो, झालं.

शेडमध्ये थोडा पसारा होता, तो काढला. तीन पोरांना सुट्टी दिली, त्यांच्यावर हे काम सोडण्यासारखं नव्हतं. एकट्यानं केलं. जोडावरून बोट फिरवलं तर नख अडकणार नाही.

आता तपासणी ऐक. तुमची गोदी काय करते ते मला माहीत नाही, मी माझ्या पद्धतीनं केली. माझ्याकडे एक जुना, न विकलेला टँकर आहे. त्याचं मागचं तोंड कापून तिथं दार बसवलं. पाच हजार लिटर भरलं आणि ट्रॅक्टरला लावून बोदवडला नेला, परत आणला. त्या रस्त्याचे खड्डे तुला माहीत आहेत, तुझा एक दात तिथंच पडला होता. वाटेत तुझ्या घरासमोर थांबलो. आबा बाहेर आले, म्हणाले, "कुठी चालला भो, मिस्तरी?" मी म्हटलं, जहाजाचं दार फिरवून आणतोय. त्यांनी दार बघितलं, मला बघितलं, आणि घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणला. उन्हानं माझं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असावं.

थेंब गळला नाही. खाली धूळ कोरडी.

एक सांगायचं राहिलं. नकाशातला बाण उलटा होता. पाणी आतून बाहेर रेटतं, चाळीस वर्षं बघतोय. पट्टी आणि कड्या त्या हिशेबानं बसवल्या, नकाशावाल्याची चूक दुरुस्त केली. तूही लिहिलंच होतंस, पाणी मीच जास्त जाणतो. तुझ्या मॅडमना सांग, त्या माणसाचा पगार कापा.

गनी मिस्त्री

(वहीच्या पानाचा तुकडा)

"थोडा पसारा" म्हणजे प्रेमराजभाऊंचे चाळीस क्रेट. ते आता आमच्या बैठकीत आहेत, पाहुणे त्यांच्यावरच बसतात. घराला असा वास येतोय की अत्तर लावायची गरज नाही. प्रेमराजभाऊ भाडं मागायचं सोडून रोज दार बघायला येतात. त.

---

गोदी वसाहत
५ नोव्हेंबर

उस्ताद,

हात जोडतो, पाया पडतो. बाण बरोबर होता.

काल तुमची चिठ्ठी वाचल्यावर मी फोन केला होता. तुम्हीच उचललात. मी ओरडलो, "पाणी बाहेर! पाणी बाहेर!" तुम्ही म्हणालात, "हां हां, तू पण पी," आणि ठेवलात. अख्ख्या वसाहतीनं ऐकलं, एका तुमच्याशिवाय.

म्हणून आता शांतपणे लिहितो. टँकर पाणी पोटात घेऊन चालतो. जहाज पाण्याच्या पोटात चालतं. माणसं आत, समुद्र बाहेर. समुद्र बाहेरून आत यायला बघणार आणि दारानं त्याला अडवायचं. तुमचं दार आतल्याला बाहेर जाऊ देत नाही, पण बाहेरचा आला तर त्याला पट्टी उचलून देईल. खोलीत बुडणाऱ्या माणसांवर कुलूप, आणि समुद्राला मात्र 'या, बसा'.

चूक माझी. तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी नीट सांगितलं नाही. मॅडम २१ तारखेला येताहेत. अजून वेळ आहे. पट्टी आणि कड्या फिरवा.

दीपक

---

(पोस्टकार्ड)

भुसावळ, १३ नोव्हेंबर

फिरवणार नाही. बोदवडला जाऊन आलेलं दार आहे. समुद्राला एवढे खड्डे नसतात. — गनी मिस्त्री

---

भुसावळ
२३ नोव्हेंबर

दीपक,

ही चिठ्ठी माझीच आहे, अब्बांच्या पाकिटात लपवलेली नाही. परवा काय झालं ते तुला सगळं कळायला हवं, आणि अब्बा चार ओळींत उरकतील.

आठ दिवस आधी अब्बांनी वहीत नावं लिहिली. बरोब्बर एकवीस, आणि स्वतः धरून बावीस. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, पोरानं शब्द दिलाय. मग सायकल काढून रेल्वे कॉलन्यांतून, जुन्या चाळींतून हिंडले. वाफेची इंजिनं होती तेव्हाचे बॉयलरवाले, रिव्हेटवाले, फोर्जवाले, सगळे कधीचे निवृत्त झालेले. आमिष भरिताचं. प्रेमराजभाऊंच्या मळ्यात नवी वांगी उतरली होती. एकवीसचे एकवीस आले, आणि कुणी न सांगता जुन्या खाकी कपड्यांत. बटणं लागत नव्हती ती गोष्ट वेगळी. सगळ्यांत मोठे तोताराम काका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नातवाच्या गाडीवरून उतरले ते थेट दारापाशी गेले आणि त्याच्यावर टिचकी मारून बघितली.

मॅडम अकराला आल्या. तू म्हणालास तशाच, बुटक्या. तोताराम काकांना विचारलं, इथं किती वर्षं काम करता? काकांनी सलाम ठोकला. कौतिक काकांना विचारलं, त्यांनीही सलाम ठोकला. तिसऱ्यांनी न विचारताच ठोकला. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथं कुणालाच ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, बॉयलरवाले आहेत मॅडम, ज्याला ऐकू येतं त्यानं काम केलं नाही असं समजतात.

मग तपासणी. चौकटीत दार बंद केलं आणि मळ्यातली मोटर लावून मॅडमनी पाणी सोडलं, नकाशातल्या बाणाच्या बाजूनं. मी मनात म्हणत होते, या अल्ला, निदान पाच मिनिटं. पाच सेकंदही नाहीत. पट्टीच्या कडेनं पिचकारी सुटली ती समोरच्या प्रेमराजभाऊंच्या टोपीवर. दुसरी खालून, मॅडमच्या बुटांत.

कुणी हसलं नाही. अब्बा दाराकडे बघत राहिले. त्यांचा तसा चेहरा मी शेड बंद केली त्या दिवशीही बघितला नव्हता. मला तुझी यादी आठवली, एकतिसावा नंबर आठवला, आणि म्हटलं, संपलं.

तेवढ्यात तोताराम काका पुढे झाले. ओल्या पट्टीवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग हात उचलून अब्बांसमोर नुसता पालथा केला. एवढंच. अब्बांनी मान हलवली.

आणि मग जे झालं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. ही माणसं वर्षानुवर्षं अशा शेडमध्ये होती जिथं ओरडूनही ऐकू जात नसे, त्यामुळं त्यांची बोली हातांची आहे. पालथा हात म्हणजे उलटं फिरव. दोन बोटं म्हणजे काप. मूठ म्हणजे धर. कपाळाला हात म्हणजे तू मूर्ख आहेस, ते सारखं चाललं होतं. कौतिक काकांनी खडूनं रेघ मारली, दुसऱ्यांनी ग्राइंडर लावला, बिजागऱ्या सुटल्या, कड्या पलीकडे गेल्या. एक माणूस दुसऱ्याच्या वाटेत आला नाही. अब्बा पाच मिनिटं बाजूला उभे होते, मग चष्मा लावून शिरले. आवाज फक्त लोखंडाचा. मॅडम प्रेमराजभाऊंनी आणलेल्या केळीच्या क्रेटवर बसल्या होत्या, बूट काढून, एकापाठोपाठ केळी खात. त्यांचा फोन वाजत होता, त्यांनी बघितलासुद्धा नाही.

दोन तास दहा मिनिटं. पुन्हा पाणी सोडलं, त्याच बाजूनं. दाराच्या या अंगाला मॅडमनी कोरडा कागद चिकटवला होता. अर्ध्या तासानं काढला, कोरडाच होता.

आता नीट ऐक. मॅडमनी माझ्या शाळेची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहून अब्बांसमोर धरलं: "हे सगळे तुमचे कामगार आहेत ना?"

हो म्हटलं असतं तर झालं असतं, दीपक. अब्बांनी खडू घेतला आणि खाली लिहिलं: "नाही. शेड भाड्यानं दिलीय. पोरगा खोटं बोलला, मीपण."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मॅडमनी पाटी पुसली होती आणि नवं लिहिलं होतं: "उद्यापासून होतील का?"

अब्बांनी पाटी उंच धरून सगळ्यांना दाखवली. एकवीस जणांनी चष्मे काढले, पुसले, लावले. मग एकामागून एक हात वर झाले. प्रेमराजभाऊंनीही केला, त्यांना वाटलं भरीत कुणाला हवंय विचारताहेत.

मॅडम भरीत खाऊन डोळे पुसत गेल्या, मिरचीनं की कशानं ते मी विचारलं नाही. तुझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तेवढंच मला खातंय.

तहरीम

---

गोदी वसाहत
६ डिसेंबर

उस्ताद,

तहरीमआपानं सगळं लिहिलं. आता मीही गंज घासतो. माझं पक्कं नव्हतं. मी यादीत होतो आणि तुमच्या दारावर लटकून होतो.

मॅडमनी २८ तारखेला बोलावलं. म्हणाल्या, तुझ्या उस्तादांनी पाटीवर जे लिहिलं ते तू मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी गेले नसते. मी पुन्हा म्हटलं, हो. त्या हसल्या नाहीत, पण माझं नाव यादीतून खोडलं, माझ्यासमोर, लाल पेननं.

भटूचं नाव राहिलं. रविवारी तो धुळ्याला गेला. जाताना माझ्या डब्यातली चटणी घेऊन गेला, म्हणाला, तुला काय कमी, तुझा उस्ताद शे. त्याची पिशवी मी गाडीत चढवली. उस्ताद, तो माझ्याहून बरा वेल्डर आहे आणि त्याला दोन्ही कानांनी ऐकू येतं. तुमच्याकडे या दुसऱ्या गोष्टीची वानवा आहे. त्याचा पत्ता मागं लिहिलाय.

आता माझं. मॅडमनी दोन वाटा दिल्यात. एक, इथंच वेल्डर म्हणून राहायचं, जहाज पाण्यात उतरेल तेव्हा बघायचं. दुसरी, गोदीचा तपासणीस म्हणून भुसावळला यायचं. तुमच्या शेडमधून जे दार, जी शिडी निघेल ती मी मोजायची, पाण्यानं तपासायची, पास की नापास तो शिक्का मारायचा. शिक्क्याशिवाय लॉरी सुटणार नाही. शिक्का दिलासुद्धा, उशीखाली ठेवलाय. महिनाभराची मुदत आहे.

आजवर मी कधी ठरवलं नाही, मी पळालोय फक्त. हे ठरवायचं कसं असतं? तुम्ही सांगाल ते करतो.

दीपक

---

भुसावळ
१७ डिसेंबर

दीपक,

तू यादीत होतास ते मला ऑगस्टपासून माहीत आहे. तहरीम पाकिटं वाफेवर उघडते. वाफेचं काम या घरात आधी कोण शिकलं? तिच्या शाळेत आलेलं तुझं पाकीटही मी तिच्या पर्समधून काढून, वाचून परत ठेवलं. दार काय मी सरकारसाठी केलं?

भटू आला. चांगला आहे. दिवसभर बोलतो, पण कुणाला त्रास नाही.

आता तुझं विचारलेलं. मी सांगेन ते करू नको. एकदा सगळं माझ्यावर सोडून बघितलंस. मी बाणाचं विचारलं होतं, तू उत्तर द्यायचं सोडून मला लोणी लावलंस, आणि मी ते खाल्लं. दार उलटं झालं ते तिथं. त्या खोलीत माणसं असती तर?

चेला म्हणून येणार असशील तर येऊ नको. चेले मला पुष्कळ झालेत, निम्मे माझ्याहून म्हातारे. तपासणीस म्हणून यायचं असेल तर एकच बघ. माझ्या तोंडावर माझं दार नापास करायची छाती आहे का? नसेल तर तिथंच राहा, जहाज बघ, सुखात राहा. मी राग धरणार नाही.

दुसरं दार आजच्या लॉरीनं गोदीला पाठवलंय. या वेळी बाणाप्रमाणे केलंय. तोताराम म्हणतात, आयुष्यात एवढं चांगलं काम आम्ही केलेलं नाही. बघ आणि कळव.

गनी मिस्त्री

---

गोदी वसाहत
४ जानेवारी २०२६

उस्ताद,

दार पोचलं. खोकं उघडलं तेव्हा आजूबाजूचे वेल्डर जमले. जोड बघून एकानं शिट्टी मारली. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या उस्तादांचं काम. पाण्यानं तपासलं, अर्धा तास, कागद कोरडा.

मग मोजलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात चौकट दीड एमएम बाहेर आहे. एक एमएमपर्यंत चालतं. मला वाटलं माझी मोजपट्टीच वाकडी, दुसरी आणली. दीड. मग चहा प्यायला गेलो, म्हटलं तोवर लोखंड थंड होईल. परत आलो, दीड. आज गळणार नाही. पण सहा महिने लाटांचे धक्के खाल्ल्यावर तिथली कडी आधी सैल पडेल, आणि त्या कोपऱ्याच्या मागं चार माणसांच्या झोपायच्या खाटा आहेत. मी जाऊन बघून आलो.

हे दार परवाच्या लॉरीनं परत पाठवतोय. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी आहे, तिथं मी बसतोय. मॅडमना सांगितलंय. गेटपास आज सकाळी खिडकीत जमा केला. जहाजाच्या पोटाखालून एकदा चालत गेलो, माझे जोड कुठले ते मला अजून ओळखू येतात.

ही चिठ्ठी माझ्या आधी पोचेल म्हणून स्पीड पोस्टानं टाकतोय, म्हणजे मी शेडमध्ये शिरेन तेव्हा तुम्ही ओरडून मोकळे झालेले असाल. सोबत कागद जोडलाय. नमुना दार क्रमांक दोन, कारखाना गनी मिस्त्री, भुसावळ, निकाल: नापास. शिक्का तिरका आलाय. पण वाचता येतो.

दीपक
तपासणीस